रिठदला अडलेला शेवटचा अध्याय

"वाशीमला कुणी फिरायला जातं का?" हा प्रश्न मला पुण्यात ज्यांनी विचारला, त्यांच्यापैकी एकालाही नकाशावर वाशीम दाखवता आलं नसतं. मलाही आलं नसतं, हे कबूल करून टाकते. मी आयुष्यभर स्पॅनिश शिकवलं. स्पेनला तीनदा जाऊन आले, पण विदर्भात पाऊल ठेवलं ते वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तेही एका स्पॅनिश कादंबरीपायी.

कादंबरी चारशे वर्षांपूर्वीची. वीरांच्या कथा वाचून वाचून डोकं फिरलेला एक पन्नाशीचा गृहस्थ गंजकं चिलखत घालतो, मरतुकड्या घोड्यावर बसतो आणि जगातला अन्याय निवारायला निघतो. 'तुला एका बेटाचं राज्य देतो' असं सांगून शेजारच्या एका गरीब शेतकऱ्याला गाढवावर बसवून आपल्यामागे नेतो. पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडतो ते बहुतेकांना ठाऊक असतं. वीरकथांची टिंगल करायला लिहिलेलं पुस्तक म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण वाचता वाचता टिंगल कुणाची चालली आहे हे कळेनासं होतं. या कादंबरीवर मी एक समीक्षेचं पुस्तक लिहिलं. त्याच्या उरलेल्या प्रती माझ्या पलंगाखाली आहेत.

डिसेंबरात मला रिठदहून एक पत्र आलं. रिठद हे वाशीम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. पत्र गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल नलिनी वानखेडे यांचं होतं. ही कादंबरी, म्हणजे तिचा जुना मराठी अनुवाद, त्यांच्या गावात वर्षभर मोठ्यानं वाचला जात होता. फक्त शेवटचा अध्याय राहिला होता आणि तिथं गाडी अडली होती. वाचणारे वसंतराव सर आणि अर्थ सांगणारे उत्तमराव, म्हणजे नलिनीचे सासरे, यांचं बोलणं बंद झालं होतं. सर येत्या रविवारी कायमचे पुण्याला मुलाकडे जाणार होते. 'भांडण त्या कादंबरीतल्या धन्यावरून आणि त्याच्या सेवकावरून झालं. तो त्याचा नोकर होता की दोस्त, हे तुम्ही येऊन सांगाल तर दोघंही ऐकतील. तुमचं पुस्तक आमच्या वाचनालयात आहे,' असं तिनं लिहिलं होतं.

शेवटचं वाक्य वाचून मी तिकीट काढलं. आमच्या जातीच्या लेखकाला विकत घ्यायला एवढं पुरतं.

गुरुवार, वाशीमहून रिठद

प्रवासाचं वर्णन करत नाही. रात्रभर कुणीतरी घोरत होतं एवढं बस. वाशीमला उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. स्टँडवर कट-चहा प्यायले, कपाळावर बाम चोळला आणि रिसोडकडे जाणाऱ्या गाडीत बसले. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाची सवय असलेल्या डोळ्यांना इथलं शिवार आधी रिकामं वाटतं. सोयाबीन केव्हाच निघालेलं असतं. मग हळूहळू दिसायला लागतं की काळ्या जमिनीवर हरभरा गुडघ्याला लागतोय, तूर शेंगांनी वाकली आहे आणि मधूनच एखाद्या बाभळीखाली शेळ्यांचा दरबार भरला आहे.

रिठदला उतरून मी पहिली चूक केली. मोटारसायकलवरच्या एका माणसाला म्हटलं, "ते पुस्तक वाचतात, त्यांच्याकडे जायचंय."

"सराकडं ना? बसा मांगं," तो म्हणाला, आणि मी नलिनीकडे पोचण्याऐवजी वसंतराव सरांच्या दारात उतरले.

वसंतराव सर पंचाहत्तरीचे, उंच, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. गावातलं मोठं शेतकरी घराणं, आणि ते स्वतः हायस्कुलात मराठीचे शिक्षक होते. जाड भिंगांचा चष्मा होता, पण बोलताना ते माझ्याकडे न पाहता माझ्या आवाजाकडे पाहत होते. डोळे जवळजवळ गेले होते. मुलाकडे पुण्याला जायचं कारण तेच. "तुमी आल्या, लय चांगलं झालं," ते म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत पान वाढलं गेलं. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. इतका तिखट की माझ्या कानातून वाफ निघाली असावी, आणि तरी मी तिसरी पोळी घेतली.

हात धुते तोच फाटकाशी नलिनी उभी. चाळिशीची, सडपातळ, खांद्याला वाचनालयाच्या किल्ल्यांची पिशवी. ती सरांची विद्यार्थिनी. एरवी ती थेट स्वयंपाकघरात जायची, असं नंतर कळलं. त्या दिवशी अंगणातच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, घरी भाकरी झाल्या आहेत."

मग तिच्या घरी मी दुसऱ्यांदा जेवले. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी, ठेचा. आमच्याकडे दीड वाजता आलेल्या माणसाला 'तुम्ही जेवून आलाच असाल' असं म्हणायची रीत आहे. इथं जेवून आलेल्याला उपाशी धरतात. दोन्ही घरी 'नको' म्हणायची सोय नव्हती, कारण कुठल्या घरी किती जेवले याची बातमी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या घरी पोचणार होती.

जेवताना नलिनीनं वाचनाची पद्धत सांगितली. त्यांच्या वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, विहारात रोज धम्मग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. उत्तमराव कितीतरी वर्षं अर्थ सांगत आले होते आणि गावभर त्याचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी वसंतराव सर एकदा ऐकायला येऊन बसले आणि त्यांनी ठरवलं की वर्षावास संपला की वाचनालयाच्या ओट्यावर दर रविवारी चार वाजता दुसरी पुस्तकं अशीच वाचायची, सगळ्या गावासाठी. सर खुर्चीत बसून वाचणार. उत्तमराव शेजारी सतरंजीवर बसून अर्थ सांगणार.

नियम विहारातलेच. वाचन थांबेल त्या पानात पिंपळाचं पान ठेवायचं आणि त्याच्या पुढचं कुणीही आधी वाचायचं नाही. ग्रंथ सुरू केला की पुरा करायचा आणि समाप्तीला खीर वाटायची. आणि अर्थ सांगून झाला की वाचणाऱ्यानं 'हं' म्हणायचं. 'हं' आला म्हणजे अर्थ पटला, पुढे चला. नाही आला तर अर्थ पुन्हा सांगायचा.

"सरांनी 'हं' म्हटल्याशिवाय आमचं पान उलटत नव्हतं," नलिनी म्हणाली.

"आणि ते शेवटचं पान?" मी विचारलं. "दोघांपैकी कुणीच वाचलेलं नाही?"

"सरांनी कॉलेजात असताना लहान आवृत्ती वाचली होती. त्यात शेवट चार ओळींत उरकलेला. आबांनी तर नाहीच. पिंपळाचं पान अजून तिथंच आहे."

म्हणजे त्या अध्यायात काय आहे हे अख्ख्या रिठदमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. ते किती अवघड जाणार आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

उत्तमराव दुपार कलल्यावर शेतातून आले. बुटके, काटक, गळ्यात मफलर. पाटबंधारे खात्यात चौकीदार म्हणून निवृत्त झालेले. चहा झाल्यावर मी माझं भाषण सुरू केलं. सांगितलं की कित्येक समीक्षक त्या सेवकालाच खरा नायक मानतात. शहाणपण त्याचं, म्हणी त्याच्या, बेटावर न्यायनिवाडे केले ते त्यानंच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी मले खुश कराले आल्या का न्याय कराले?"

"म्हणजे?"

"पुस्तकावर नाव कोनाचं हाय? मालकाचंच ना?"

 मी विषय बदलला. "मग त्या मालकाला वेड कशानं लागलं? पुस्तकं वाचून?"

"पुस्तकानं येड लागते का कोठं?" ते हसले. "थो एकटा वाचे, मॅडम. दार लावून. असं आमच्यावानी चार लोकाइत वाचलं असतं, तं कोनी तरी म्हनलं असतं, बाप्पा, हे असं नाई, हे तं पवनचक्की हाय. त्याले टोकनारं कोनी नोतं. म्हनून येडा झाला."

मी वही काढली आणि हे लिहून घेतलं. माझ्या अख्ख्या पुस्तकात हे नाही. असायला हवं होतं, आणि याचा मला सरळ सरळ मत्सर वाटला.

मग भांडणाचं विचारलं. ते मफलरचं टोक बोटाला गुंडाळत सांगू लागले.

"आमच्याकडं बेट नसते, मॅडम, दोन एकर असते. 'उत्तम, तुले दोन एकर लावून देतो.' सराच्या वडलाच्या तोंडून आठ सालं आयकलं. सालदार होतो मी त्याइच्या घरी, पोरगा होतो तवा. मी अन् वसंता चौथीलोक एका वर्गात. मंग तो पाचवीत गेला अन् मी त्याच्या गोठ्यात. जाऊ द्या. ते मी कवाच सोडून देल्लं. घरी कोनाले सांगतलंबी नोतं."

सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा शेतगडी. कादंबरीतला सेवक बेटाचं राज्य सोडून, हरलेल्या धन्यामागून आपल्या गावी परत येतो तो भाग त्या रविवारी चालला होता. उत्तमरावांनी अर्थ सांगितला. सरांनी 'हं' म्हटलं, आणि वर आपल्या पदरचं जोडलं: 'आमच्या उत्तमसारखाच. आठ वर्षं आमच्याकडं सालदार होता, पन असा इमानी मानूस पुन्हा भेटला नाही.' ओट्यावर चाळीस-पन्नास माणसं होती. सुट्टीत अमरावतीहून आलेली उत्तमरावांची नात, इंजिनिअरिंगला आहे ती, पुढच्याच रांगेत होती.

"घरी आल्यावर पोरीनं इचारलं, 'आबा, तुमी सरांचे नोकर होते?' इचारलं तं इचारलं. पन मी दोन साल त्याच्या बाजूले बसून अर्थ सांगून राह्यलो, अन् त्याच्या डोक्शात मी अजून गोठ्यातच." ते उठले. "उद्या सर तुमाले शिरपूरले नेनार हायेत. जा. पाहाण्यासारखं हाय."

शुक्रवार, शिरपूर

शिरपूरला जायची हौस सरांचीच. तिथलं जुनं जैन मंदिर मला दाखवायचं म्हणून त्यांनी पुतण्याची जीप मागवली होती. सगळ्या वाटेवर ते मला न दिसणाऱ्या गोष्टी दाखवत होते. "आता डावीकडं एक विहीर येईल," म्हणायचे, आणि यायची. एके ठिकाणी म्हणाले, "हा वड पाहा." वड नव्हता. रस्ता रुंद करताना केव्हाच गेला असावा. मी म्हटलं, "मोठा आहे." खोटं बोलले, पण त्याचं वाईट वाटलं नाही.

शिरपूर मोठं गाव. बसगाड्यांतून उतरणारे यात्रेकरू, नारळांची दुकानं, कापलेल्या पेरूंवर मीठ-तिखट. आमच्याकडे देवस्थान म्हटलं की रांगेला बांबू आणि बांबूला रांग. इथं त्या दिवशी तरी गर्दी बेताची होती. मंदिरातली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, खालून कापड आरपार जातं, अशी श्रद्धा आहे. सर माझ्या दंडाला धरून उभे होते.

"फट दिसते का, मॅडम?"

मी वाकून, मान तिरकी करून पाहिलं. दिव्यांच्या उजेडात आणि माणसांच्या खांद्यांमधून मला काही धड कळेना. "मला नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे माझ्यासारखंच झालं तुमचं," ते खूश होऊन म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा त्यांनीच विषय काढला. "त्यानं सांगितलंच असेल तुम्हाला. मॅडम, मी तर कौतुक केलं. इमानी म्हटलं. शिवी दिली का? आमच्या घरच्यासारखाच होता तो."

माझा स्वभाव असा की मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, "जेवायचा कुठे?"

"आमच्याकडंच."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

सरांनी कप बाकावर ठेवला.  "गोठ्यापाशी," ते म्हणाले. "त्याचं ताट वेगळं होतं. जरमनचं, एका बाजूनं चेपलेलं. गोठ्याच्या बल्लीले अडकवलेलं राहे. आई वरून वाढे." मग जरा चिडून म्हणाले, "त्या काळची पद्धतच होती ती."

 शेजारच्या बाकावर एक बाई पेरू खात होती, तिचा तेवढा आवाज येत होता.

"आता मला समोरचा मानूस दिसत नाही," थोड्या वेळानं सर म्हणाले, "पन ते ताट दिसून राह्यलं बघा. चेपलेलं कुठं होतं तेबी दिसते." ते प्रमाण मराठीतून वऱ्हाडीत कधी घसरले ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"मग सांगा ना त्यांना."

"कसं? तीस वर्षं पोरांकडून माफीपत्रं लिहून घेतली मी. 'पुन्हा असे करणार नाही.' स्वतः कधी तोंड उघडलं नाही, मॅडम. आता या वयात त्याच्या दारात जाऊन काय बोलू? अन् परवा तर मी चाललोच." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड वळवलं. "तुम्ही विद्वान आहात. त्या शेवटच्या अध्यायात काय आहे? या दोघांचं काय होतं?"

मला ते सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण नलिनीचा नियम आठवला: पिंपळाच्या पानापुढचं कुणी आधी वाचायचं नाही. आधी सांगितलं असतं तर सरांनी उत्तराची तयारी केली असती, शिक्षकासारखी, मुद्देसूद. मी म्हटलं, "उद्या वाचूच की."

"तुम्ही पक्क्या पुणेरी," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकही विहीर दाखवली नाही.

शनिवार, पुन्हा रिठद

सर रविवारी निघणार म्हणून समाप्ती शनिवारीच ठेवली होती. तयारी सकाळपासून. खीर नलिनीच्या वस्तीतल्या बायकांनी करायची ठरली आणि रोडगे गावातल्या दुसऱ्या बाजूनं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. आपल्याला बाट्या माहीत असतात, त्यांचे हे वऱ्हाडी थोरले भाऊ. मी मदत करायची म्हणून राखेतून एक उचलायला गेले आणि बोट भाजून घेतलं. "मॅडम, तो निवाला नाई अजून," एक बाई शांतपणे म्हणाली, मी पाण्यात बोट घालून बसल्यावर. शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती.

उत्तमराव येतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी मी विचारलं तेव्हा ते शेताकडे निघाले होते. नलिनी त्यांना काही म्हणाली नाही. फक्त त्यांचा धुतलेला सदरा दारामागच्या खुंटीवर अडकवून ठेवला.

चारला ओटा भरला. सर खुर्चीत, मांडीवर दुसऱ्या भागाचं तपकिरी बांधणीचं जाडजूड पुस्तक. मला शेजारी बसवलं. चारला पाच मिनिटं असताना उत्तमराव आले. धुतलेला सदरा अंगात होता. ते मात्र शेजारच्या जागेवर न येता सगळ्यांत मागे, पायऱ्यांपाशी बसले. "समाप्ती हाय म्हनून आलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अर्थ सांगाले मॅडम हायेत."

सरांनी पुस्तक उघडलं. पिंपळाचं वाळलेलं पान बोटांनी चाचपून बाजूला काढलं. पान नाकाशी नेलं. पहिली ओळ त्यांनी वाचली, दुसरी अर्धी वाचली, मग पहिलीच परत वाचली.  सरांचा अंगठा कागदावरून सरकत होता, जणू अक्षरं हाताला लागतील. गेला महिनाभर वाचन बंद होतं, तेवढ्यात उरलेली नजरही गेली होती आणि हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.  लोक माझ्याकडे पाहू लागले, की ही पुण्याची बाई कशाला आली आहे मग. मी मुद्दाम चष्मा काढून पुसत बसले.

मागून पावलं आली. उत्तमराव माणसांमधून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी सरांच्या हातातून पुस्तक घेतलं.

"द्या इकडं," ते म्हणाले.

सर खुर्चीच्या हातांना धरून उठले आणि चाचपत खाली सतरंजीवर बसले. उत्तमरावांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, मग बसले. "वाचनारा अर्थ सांगत नाई," त्यांनी पुस्तकात पाहत म्हटलं. "अर्थ तुमीच सांगा लागते."

ते सावकाश वाचत, एकेक शब्द जमिनीवर नीट ठेवल्यासारखा. अध्यायात धनी हरून घरी आला आहे. आजारी पडतो, झोपतो, आणि उठतो तो वेड उतरलेला. सर अर्थ सांगायचे, थोडा वर्गातला, थोडा पुस्तकी. उत्तमराव 'हं' म्हणून पुढे जायचे. आवाज कोरडा होता, पण नियम म्हणजे नियम.

मग तो भाग आला. मरायला टेकलेला धनी शुद्धीवर आहे. तो आपल्या सेवकाला जवळ बोलावतो आणि त्याची क्षमा मागतो. माझ्या वेडापायी मी तुलाही जगासमोर वेडं ठरवलं, असं म्हणतो. उत्तमरावांनी ते वाचलं. पुढच्या ओळीवर गेले नाहीत. पुस्तकातून मान वर न काढता थांबले.

आता अर्थ सांगायचा होता.  ओट्यावर पन्नास माणसं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की हा अर्थ कशाचा आहे. मी नियम पाळला नसता तर सरांनी काहीतरी छानसं तयार करून आणलं असतं. आता त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"याचा अर्थ," सर म्हणाले आणि थांबले. "याचा अर्थ असा, की त्याले वाटे, हा माह्या बरोबर आहे. बरोबर नोता तो. मांगं होता. पुरा जन्म मांगं होता, अन् यानं मांगं वळून कधी पाह्यलं नाही, की त्याचं ताट कुठं अडकवलं आहे." त्यांनी घसा साफ केला. पुढचं फार हळू आलं. "त्या दिवशी चारचौघांत म्या तुले सालदार म्हनलं, कौतुक म्हनून. ते कौतुक नोतं. चुकलं माहं, उत्तम."

मी 'हं' ची वाट पाहत होते. सगळेच पाहत होते. उत्तमराव काही बोलले नाहीत. नलिनीनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, संपलं. या दोघांचं आता होत नाही.

उत्तमरावांनी मान वर केली आणि मागच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिथं समाप्तीसाठी अमरावतीहून आलेली त्यांची नात उभी होती. "मोठ्यानं सांग, वसंता," ते म्हणाले. "मांगच्याइले आयकू नाई आलं."

सर सतरंजीवर ताठ बसले. वर्गात मागच्या बाकावरच्याला ऐकू जावं तशा आवाजात त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. ताट, गोठा, चुकलं माझं, सगळं.

"हं," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.

पुढे तो सेवक रडत धन्याला म्हणतो की मरू नका, उठा, आपण पुन्हा बाहेर पडू. ते वाचताना उत्तमरावांचा आवाज दोनदा फुटला, आणि सरांनी त्या भागाचा अर्थ सांगितलाच नाही. उत्तमरावांनी तरी 'हं' म्हटलं. मग खीर झाली, रोडगे झाले. नोकर की दोस्त हे मला कुणी विचारलं नाही. मी ज्या कामासाठी गेले होते ते काम माझ्याविना झालं, आणि सकाळी बोट भाजून घेतल्यामुळे रोडग्यांवर तूप ओतायलाही मला परवानगी नव्हती.

पुणे

सर आता पुण्यात सिंहगड रस्त्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मागच्या रविवारी त्यांना भेटायला गेले. सातवा मजला, खिडकीबाहेर अशाच दुसऱ्या इमारती. वाटलं, त्यांना दिसत नाही हे एका परीनं बरंच आहे.

चारला फोन वाजला. सुनेनं तो स्पीकरवर लावून टीपॉयवर ठेवला आणि सर खुर्चीत सावरून बसले. पलीकडे रिठदचा ओटा होता. माणसांची कुजबुज ऐकू येत होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं. उत्तमरावांनी नवं पुस्तक वाचायला घेतलं होतं. ते एक भाग वाचून थांबले. सरांनी अर्थ सांगितला. चांगला सांगितला असं मला तरी वाटलं. मग सरांनी बोलणं थांबवलं आणि कान फोनकडे केला.

फोनमधून 'हं' आला नाही.

"उत्तम?" सर म्हणाले. "लाइन गेली का रे?"

"लाइन हाय," उत्तमराव म्हणाले. "अर्थ नाई पटला. पुन्हा सांग."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.